खाकीतले चोरटे इमान

लाचेच्या व्यवहाराला पावती नसते, करारनामा नसतो आणि कोणी शब्द फिरवला तर दाद मागायला न्यायालयही नसते. तरीही हा व्यवहार सहसा ठरल्याप्रमाणे पार पडतो. जिथे हप्ता बांधलेला असतो, तिथून बेकायदा वाळूचा डंपर रात्री बिनबोभाट निघून जातो; पैसे घेतलेला माणूस ऐनवेळी गाडी अडवत नाही. पैसे गोळा करणारा हवालदार वरच्यांचा वाटा खिशात घालून मोकळा होत नाही. वाटा घेणारा अधिकारी त्या हवालदाराला पकडून देऊन स्वतःची पाठ थोपटून घेत नाही. ज्यांनी सरकारशी आणि घेतलेल्या शपथेशी इमान राखले नाही, ती माणसे एकमेकांशी इतके इमान कसे राखतात?

या कोड्यावर दूरचित्रवाणीच्या मालिका उभ्या राहिल्या आहेत. ‘द शील्ड’ ही अमेरिकी मालिका २००२ ते २००८ अशी सात पर्वे याच एका प्रश्नाभोवती फिरली. मुंबईत घडणारी ‘सेक्रेड गेम्स’ (२०१८) आणि तेलगी प्रकरणावरची ‘स्कॅम २००३’ (२०२३) यांतही पोलिसांच्या आपसांतल्या निष्ठेचा धागा आहे. महाराष्ट्रातल्या न्यायालयांच्या निकालांत तोच धागा अधिक कोरड्या भाषेत सापडतो. अहिल्यानगर जिल्ह्यात तर त्याची दोन्ही टोके आहेत. गोदावरी, प्रवरा, मुळा, घोड आणि भीमा या नद्यांच्या पात्रांतला वाळूचा काळा धंदा याच जिल्ह्यात आहे, आणि भ्रष्टाचाराविरुद्धच्या चळवळीचे राळेगण सिद्धीही याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात आहे.

इमान दोन प्रकारचे

पोलिसांच्या कामाला एकमेकांवरच्या विश्वासाची गरज असते, ही गोष्ट आधी मान्य करायला हवी. अहिल्यानगर हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातल्या डोंगरांपासून जामखेडच्या कोरडवाहू माळापर्यंत चौदा तालुके त्यात येतात. रात्री एखाद्या वस्तीवर दरोड्याची खबर आली की दोन-तीन शिपाई एका गाडीतून निघतात आणि जादा कुमक पोचायला वेळ लागतो. अशा वेळी सोबतचा माणूस पळून जाणार नाही, हा भरवसा नसेल तर दाराच्या आत कोणी पाऊल टाकणार नाही. शिर्डीच्या रामनवमीचा बंदोबस्त असो की निवडणुकीचा, हे काम अशा भरवशावरच चालते. प्रशिक्षण केंद्रात एकत्र धावलेल्या, एकत्र शिक्षा भोगलेल्या तुकडीत तो जाणूनबुजून रुजवला जातो.

भ्रष्ट इमान याच इमानाचे कपडे घालून वावरते, आणि म्हणून ते ओळखायला कठीण जाते. ‘आपला माणूस’, ‘साथ देणे’, ‘घरची भांडणे घरात’ हे शब्द दोन्हीकडे तेच असतात. फरक त्यांच्या आधारात असतो. पहिला विश्वास सोबत्याचे वागणे पाहून बसतो. दुसरा सोबत्याचा गुन्हा ठाऊक असल्यामुळे टिकतो. कोणत्या गटात कोणता विश्वास आहे हे तपासण्याची साधी खूण आहे. प्रामाणिक तुकडीतला एक जण बदली होऊन गेला तर मागे राहिलेल्यांना वाईट वाटते. भ्रष्ट टोळीतला एक जण निघाला तर मागे राहिलेल्यांना भीती वाटते.

हा दुसरा विश्वास समजून घ्यायला गल्लीतल्या भिशीचा उपयोग होतो. बारा जणांच्या भिशीत पहिल्याच महिन्यात ज्याचा नंबर लागतो, त्याला सगळी रक्कम मिळते. पुढचे अकरा महिने त्याने पैसे भरले नाहीत तर कागदोपत्री त्याचे कोणी काही करू शकत नाही. तरी तो भरतो, कारण त्याला त्याच गल्लीत राहायचे असते, पुढच्या वर्षी पुन्हा भिशीत यायचे असते आणि त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. हप्त्याची साखळीही अशीच चालते: पुन्हा पुन्हा होणारा व्यवहार, ओळखीची माणसे आणि नाव खराब होण्याची धास्ती. मात्र एका जागी दोन्हींत मोठा फरक पडतो. भिशीत भाग न घेणाऱ्या शेजाऱ्यापासून कोणालाच धोका नसतो. हप्त्याच्या साखळीत भाग न घेणारा सहकारी हाच सर्वांत मोठा धोका असतो, कारण त्याने पाहिलेले असते आणि त्याच्या स्वतःच्या अंगावर काहीच नसते.

साखळीतली माणसे

साखळीच्या एका टोकाला देणारा असतो: वाळूवाला, मटक्याचा अड्डा चालवणारा, अवैध दारूवाला, कधी गुन्ह्यात अडकलेला साधा शेतकरी. दुसऱ्या टोकाला अधिकारी असतो. मधली कडी बहुतेक वेळा हवालदार किंवा शिपाई असते, आणि ती तिथे का असते याचे उत्तर नोकरीच्या नियमांत सापडते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमात नंतर घातलेल्या कलम २२-न नुसार उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक आणि निरीक्षक यांचा एका ठाण्यातला साधारण कार्यकाळ दोन वर्षांचा, जिल्ह्यातला चार वर्षांचा आणि परिक्षेत्रातला आठ वर्षांचा धरला आहे. शिपाई-हवालदारांना एका जागी पाच वर्षे मिळतात, आणि त्यांची भरतीच जिल्हावार होत असल्यामुळे बहुतेकांची सगळी नोकरी एकाच जिल्ह्यात जाते. म्हणजे साहेब येतात आणि जातात, हवालदार राहतो. हद्दीत कोणाचे काय चालते, आधीच्या साहेबांच्या वेळचा दर काय होता, कोण वेळेवर देतो आणि कोण बोंब मारतो, ही सगळी माहिती त्याच्याकडे असते. नवा अधिकारी भ्रष्ट असेल तर त्याला या माहितीची गरज पडते आणि हवालदाराला त्याच्या संरक्षणाची. एकाकडे ओळखी, दुसऱ्याकडे अधिकार. दोघांनाही दुसऱ्यावाचून चालत नाही, आणि इथे पहिली गाठ पडते.

अलीकडे या दोघांच्याही पुढे आणखी एक कडी जोडलेली दिसते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कारवायांच्या बातम्यांत ‘खासगी इसमामार्फत’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. चहाटपरीवाला, ओळखीचा एजंट, ठाण्यात उठबस असलेला पंटर अशा कोणाच्या तरी हातात रक्कम पडते; वर्दीतला हात नोटांना लागतच नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा अशा मध्यस्थासाठी ७-अ हे वेगळे कलम घालण्यात आले.

कडी वाढवण्यात हिशेब असतो. प्रत्येक जण फक्त आपल्या शेजारच्या कडीला ओळखतो. देणाऱ्याने वरच्या साहेबाला कधी पाहिलेलेच नसते. एक कडी पकडली गेली तरी बाकीचे सुटण्याची आशा राहते. पण या सोयीची किंमत मोजावी लागते. जो पकडला जातो तो एकटाच पकडला जातो, वर कोण होते हे फक्त त्यालाच ठाऊक असते, आणि मग सगळ्यांची सुटका त्याच्या तोंड बंद ठेवण्यावर येऊन ठेपते. तपासाची बहुतेक ताकद याच जागी लागते.

नव्या माणसाची परीक्षा

या साखळीत नवा माणूस घ्यायचा तर त्याची खात्री कशी करायची? तोंडाने दिलेले वचन उपयोगाचे नसते, कारण खबऱ्याही तेच वचन देईल. खात्री पटते ती एकाच गोष्टीने: त्याने स्वतः काहीतरी चुकीचे करावे आणि ते इतरांनी पाहावे.

म्हणून सुरुवात लहान असते. हॉटेलवाला बिल घेत नाही. गाडीत कोणीतरी पेट्रोल भरून देतो. महिनाअखेरीला टेबलाच्या खणात एक पाकीट सापडते आणि ते कोणी ठेवले हे कोणी सांगत नाही. रक्कम क्षुल्लक असते, पण ती कमाईसाठी दिलेलीच नसते. पाकीट घेतले की तो माणूस इतरांइतकाच अडकला, आणि आता त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलायला हरकत नाही. पाकीट परत केले तर त्याच्याविषयी संशय सुरू होतो. तो ‘साइड पोस्टिंग’ला जातो, त्याला तपासाची कामे मिळत नाहीत, तो आला की बोलणे थांबते. गैरकृत्याची ही एकमेकांकडे ठेवलेली ठेव गुन्हेगारी जगतात जुनी आहे. थॉमस शेलिंग आणि दिएगो गाम्बेता यांसारख्या अभ्यासकांनी तिच्यावर सविस्तर लिहिले आहे. ज्याचे वाईट मला ठाऊक आहे, तो माझे वाईट सांगणार नाही, असा तो सौदा असतो.

न्यूयॉर्क पोलिसांतला फ्रँक सर्पिको हा पाकीट नाकारणारा अधिकारी होता. त्याने वरिष्ठांकडे केलेल्या तक्रारी विरल्या, मग १९७० मध्ये त्याची हकिकत वर्तमानपत्रात आली आणि नॅप आयोग नेमला गेला. फेब्रुवारी १९७१ मध्ये अमली पदार्थांच्या एका छाप्यात त्याच्या चेहऱ्यावर गोळी लागली; तो वाचला आणि आयोगापुढे साक्ष देऊन गेला. १९७२ च्या अहवालात आयोगाने भ्रष्ट पोलिसांचे दोन वर्ग पाडले: जे समोर येईल ते मुकाट घेतात ते ‘गवत खाणारे’, आणि जे पैशांच्या मागे स्वतः शिकार करत फिरतात ते ‘मांस खाणारे’. आयोगाच्या मते खरी अडचण पहिल्या वर्गाची होती. ते संख्येने जास्त असतात, त्यांच्यामुळे पैसे घेणे सर्वमान्य ठरते आणि उघड बोलणारा गद्दार ठरतो. हे निरीक्षण पन्नास वर्षांनंतरही मोलाचे आहे. मोठ्या शिकाऱ्याला संरक्षण देतात ती थोडे थोडे चरणारी माणसेच.

‘सेक्रेड गेम्स’मधला निरीक्षक सरताज सिंग याच परीक्षेत अडकलेला दाखवला आहे. एका निःशस्त्र तरुणाला ठार केल्याच्या प्रकरणात वरिष्ठांच्या बनावट हकिकतीला त्याने होकार द्यावा, असा दबाव त्याच्यावर आहे, आणि तो कचरतो आहे म्हणूनच ठाण्यात एकटा आहे. त्याच्यासोबत राहतो तो जितेंद्र जोशी यांनी साकारलेला हवालदार काटेकर. त्याचे इमान पाकिटातून आलेले नाही. सोबत घालवलेल्या नोकरीतून आले आहे. मालिकेतले हे सर्वांत मायेचे नाते आहे, आणि दोन प्रकारचे इमान शेजारी शेजारी ठेवून पाहायचे असेल तर त्याहून चांगले उदाहरण मराठी प्रेक्षकाला क्वचितच मिळेल.

लहान गुपिताचे मोठे गुपित होते तेव्हा

पाकिटांवर बांधलेला विश्वास तसा सैल असतो. पकडले गेले तर निलंबन, खटला, काही वर्षांची शिक्षा. रक्त सांडले की तोच विश्वास आवळला जातो, कारण आता कोणालाच मागे फिरता येत नाही.

‘द शील्ड’च्या पहिल्याच भागात हे घडते. लॉस एंजेलिसच्या एका विशेष पथकाचा प्रमुख व्हिक मॅकी आपल्या पथकात वरिष्ठांनी पेरलेल्या अधिकाऱ्याला गोळी घालतो. त्या वेळी त्याच्यासोबत पथकातला शेन असतो. दोघांची मैत्री त्या क्षणापासून एका खुनाभोवती बांधली जाते. पुढची पर्वे पथकाच्या एकजुटीची वाटतात. चौघे एकमेकांना भाऊ मानतात. पाचव्या पर्वाच्या शेवटी लेम हा सहकारी तपासयंत्रणेच्या कचाट्यात सापडतो. तो कोणाचेही नाव सांगणार नसतो, पण शेनला तशी शंका येते आणि तो हातबॉम्ब टाकून त्याला मारतो. अखेरीस व्हिक स्वतःसाठी माफीचा करार मिळवून सगळी पापे कबूल करतो आणि शेवटपर्यंत सोबत राहिलेला रॉनी तुरुंगात जातो. सात पर्वांचा तो प्रवास एका तर्कावर चालतो: गुपित जितके भयंकर, तितके सोबत्याचे मौन मोलाचे, आणि मौन जितके मोलाचे, तितका त्याच्यावरचा संशय घातक.

ही मालिका पूर्णपणे कल्पित नव्हती. लॉस एंजेलिसच्या रॅम्पार्ट विभागातले टोळीविरोधी पथक तिच्या मुळाशी आहे. त्या पथकातल्या राफाएल पेरेझला मुद्देमालातले कोकेन चोरल्याबद्दल १९९८ मध्ये अटक झाली. शिक्षेत सूट मिळावी म्हणून त्याने १९९९ मध्ये तोंड उघडले आणि सत्तरच्या आसपास सहकाऱ्यांची नावे घेतली. शंभराहून अधिक जणांना झालेल्या शिक्षा त्यानंतर रद्द कराव्या लागल्या. एका माणसाला बोलण्यात फायदा दिसला आणि इतक्या वर्षांची एकजूट उघडी पडली.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारे प्रकरण म्हणजे ११ नोव्हेंबर २००६ ची लखनभैया चकमक. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीतून एका मित्रासह उचलण्यात आले आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात तो पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. शरण येण्यास सांगितले असता त्याने हल्ला केला, अशी हकिकत पोलिसांनी नोंदवली. पण त्याला उचलून नेले हे कळताच त्याच्या वकील भावाने अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते, आणि त्या कागदांवरच्या वेळा चकमकीच्या आधीच्या होत्या. नोंदवहीतली एकच हकिकत इतक्या जणांनी सारखी सांगितली, तरी त्या वेळांपुढे ती टिकली नाही.

उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००९ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले. खटला उभा राहिला तेव्हा लखनभैयाबरोबर उचलला गेलेला मित्र हा मुख्य साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये, साक्ष होण्याआधी, तो नाहीसा झाला आणि पुढे त्याचा मृतदेह सापडला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवले. त्यांत १३ पोलीस होते. याच खटल्यातले आरोपी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांची तेव्हा सुटका झाली होती. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून त्यांना जन्मठेप दिली आणि १२ पोलिसांची शिक्षा कायम केली. शर्मा यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

एका डंपरच्या हप्त्याशी या प्रकरणाची तुलना करणे अतिशयोक्त वाटेल. पण दोन्हीकडे यंत्रणा तीच आहे. नोंदवहीत एक खोटी नोंद करायची, सोबतच्यांनी तिच्याखाली सह्या करायच्या, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाने दुसऱ्याची सही सांभाळायची. ठाण्यात स्टेशन डायरीला इतके महत्त्व असते ते यासाठीच. तिच्यातल्या वेळा, गाडीचे लॉगबुक आणि मोबाइलचे टॉवर जुळत नाहीत, तेव्हा तोंडे बंद असूनही गुपित फुटते.

कोंडी

भ्रष्टांचा विश्वास शेवटी का तुटतो, हे गणिताने नीट सांगता येते. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या गणितज्ञांनी ‘कैद्यांची कोंडी’ म्हणून ओळखला जाणारा खेळ मांडला. दोघा साथीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले आहे. दोघेही गप्प राहिले तर दोघांना थोडीशीच शिक्षा होईल. एकाने तोंड उघडले आणि दुसरा गप्प राहिला, तर बोलणारा सुटेल आणि गप्प राहणारा पुरता बुडेल. दोघेही बोलले तर दोघांना मोठी शिक्षा. दुसरा काहीही करो, प्रत्येकाला बोलण्यातच फायदा दिसतो. म्हणून एकट्याने विचार करणारे दोघेही बोलून बसतात.

साखळी टिकवायची तर या खेळाचे नियम बदलावे लागतात, आणि ते तीन मार्गांनी बदलले जातात. खेळ पुन्हा पुन्हा खेळला जाईल अशी तजवीज करायची, म्हणजे आजच्या फायद्यासाठी कोणी उद्याची कमाई सोडणार नाही. बोलणाऱ्याला होणारा त्रास इतका वाढवायचा, की सुटकेतही फायदा उरू नये. आणि गप्प राहणाऱ्याची काळजी घ्यायची: निलंबित हवालदाराच्या घरी पैसे पोचतात, वकील मिळतो, विभागीय चौकशी लांबत जाते, काही काळाने तो पुन्हा कामावर येतो. या तिसऱ्या मार्गाकडे फार कमी लक्ष जाते. निलंबनाच्या काळात त्या माणसाचे घर कोण चालवते, हा प्रश्न तपासात विचारला गेला तर बराच उजेड पडेल.

सापळा कुठे बसतो

कायद्याने साखळी तोडायची म्हणजे ही तीन कुलपे उघडायची. सगळ्यात ओळखीचा मार्ग लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्याचा. राज्यात हा विभाग १९५७ पासून आहे. अहिल्यानगरचे पथक त्याच्या नाशिक परिक्षेत्रात येते. सापळा साखळीतल्या माणसांच्या इमानाला हातच लावत नाही. तो साखळीबाहेरच्या माणसाकडून, म्हणजे देणाऱ्याकडून सुरू होतो.

*चौकट: सापळ्याचा क्रम*

*तक्रार:* ज्याच्याकडे लाच मागितली तो विभागाकडे येतो. त्यासाठी १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे.

*पडताळणी:* दोन सरकारी पंचांना सोबत घेऊन मागणीची खातरजमा होते. रेकॉर्डरवर संभाषण टिपले जाते. बातम्यांत येणारे ‘तडजोडीअंती’ म्हणजे याच वेळची घासाघीस.

*नोटा:* क्रमांक पंचनाम्यात लिहून नोटांना ॲन्थ्रासीन पावडर लावतात. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही. अतिनील दिव्याखाली चमकते.

*स्वीकार:* रक्कम घेतली जाताच तक्रारदार ठरलेली खूण करतो. घेणाऱ्याचे हात, खिसे आणि नोटा दिव्याखाली तपासतात.

*मंजुरी:* आरोपपत्रावर न्यायालयात कार्यवाही होण्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.

*देणारा:* २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणेही गुन्हा आहे. मात्र बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवली, तर देणाऱ्याला संरक्षण मिळते.

सापळ्याची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. नोटेवरची पावडर ज्याच्या हाताला लागते तोच सापडतो, आणि साखळीत तो हात सर्वांत खालचा असतो. तक्रारदार फितूर होईल ही भीती पूर्वी मोठी होती. १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती कमी केली: तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला, तरी इतर पुराव्यांवरून मागणी आणि स्वीकार सिद्ध करता येतात. पण पकडलेल्या हवालदाराकडून वरच्या साहेबापर्यंत पोचायला दुसरे साधन लागते.

माफीचा साक्षीदार

ते साधन म्हणजे माफी. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०६ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३४३ न्यायालयाला हा अधिकार देते: गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाने सगळे खरे आणि पूर्ण सांगण्याच्या अटीवर त्याला माफी द्यायची. कैद्यांच्या कोंडीतला सुटण्याचा दरवाजा इथे कायदाच उघडतो. त्याने काही लपवले तर माफी जाते आणि त्याच्यावर खटला चालतो.

२०२१ मध्ये मुंबईत हप्तावसुलीचे मोठे प्रकरण उभे राहिले. बार आणि रेस्टॉरंटांकडून दरमहा १०० कोटी रुपये गोळा करण्यास निरीक्षकाच्याही खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला सांगितल्याचा आरोप पोलीस आयुक्तपदावरून नुकतेच हटवलेल्या अधिकाऱ्याने तेव्हाच्या गृहमंत्र्यांवर केला. मंत्र्यांनी तो नाकारला. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या खटल्यात त्याच अधिकाऱ्याला, म्हणजे सहायक निरीक्षक सचिन वाझे यांना, जून २०२२ मध्ये माफीचा साक्षीदार होण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात माजी मंत्र्यांना जामीन देताना उच्च न्यायालयाने वाझे यांच्या जबाबावर कितपत विसंबावे, याविषयी शंका व्यक्त केली. माफीच्या साक्षीदाराचे दुखणे इथे दिसते. त्याचे शब्द ऐकण्याजोगे आहेत, कारण तो आत होता. आणि संशयास्पदही आहेत, कारण तो आत होता. म्हणून त्याच्या जबाबाला स्वतंत्र पुराव्याचा आधार असावा, असा न्यायालयांचा शिरस्ता आहे.

राळेगणपासून हाँगकाँगपर्यंत

साखळी तोडणारा माणूस साखळीच्या बाहेरचा हवा, हे तेलगी प्रकरणाने महाराष्ट्राला शिकवले. बनावट मुद्रांकांच्या त्या घोटाळ्यात अब्दुल करीम तेलगीला नोव्हेंबर २००१ मध्ये अजमेरला अटक झाली. पोलीस कोठडीत असताना त्याला मुंबईत कफ परेडच्या एका फ्लॅटमध्ये आरामात ठेवल्याचे पुढे उघड झाले. पोलिसांचा तपास पोलिसांनीच करायचा, हा पेच सुटत नव्हता. राळेगण सिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या जनहित याचिकेवर २००३ मध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाची सूत्रे निवृत्त पोलीस महासंचालक एस. एस. पुरी यांच्याकडे दिली. निवृत्त माणसाची बदली होत नाही, बढती अडत नाही. त्याच्यावर दाब टाकायला साखळीकडे काही उरत नाही. त्या तपासात १ डिसेंबर २००३ रोजी मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून आदल्याच दिवशी निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला अटक झाली. पुढे न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, हेही नोंदवायला हवे. अटक म्हणजे दोष नव्हे. पुढच्या वर्षी तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

हजारे यांच्या आंदोलनांचे दुसरे फळ म्हणजे २००५ चा बदल्यांचा अधिनियम. साधारण तीन वर्षांआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवावे लागेल, असे त्यात आहे. साखळीच्या दृष्टीने बदली हे दुधारी हत्यार आहे. भराभर बदल्या झाल्या तर साखळीला मुळे धरायला वेळ मिळत नाही. पण बदलीचा धाक वरच्यांच्या हातात असला तर साखळी पक्की होते, आणि ‘मलईदार’ जागेसाठी मोजलेले पैसे वसूल करायला नवा अधिकारी उतावीळ असतो. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस आस्थापना मंडळे नेमायला आणि कार्यकाळ ठरवून द्यायला सांगितले, ते हा धाक काढून घेण्यासाठीच. वर उल्लेखलेले कलम २२-न त्या निकालाच्या वाटेनेच आले.

साखळीला पैसा पुरवणारे टोक कोरडे करण्याचाही एक प्रयत्न या जिल्ह्यात झाला. मे २०२३ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावात राज्यातले पहिले सरकारी वाळू विक्री केंद्र सुरू झाले आणि ब्रासला ६०० रुपये दर जाहीर झाला. सरळ मार्गाने स्वस्त वाळू मिळाली तर चोरीच्या वाळूला गिऱ्हाईक कमी आणि हप्त्याला पैसा कमी, असा त्यामागचा विचार होता.

सगळेच एकमेकांच्या गुपितात अडकलेले असतील तर काय करायचे, याचे सर्वांत धाडसी उत्तर हाँगकाँगने दिले. तिथले वरिष्ठ पोलीस अधिकारी पीटर गॉडबर १९७३ मध्ये चौकशी सुरू असताना हाँगकाँग सोडून पळाले. लोक रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये पोलीस दलापासून पूर्ण वेगळा, थेट गव्हर्नरला जबाबदार असलेला भ्रष्टाचारविरोधी आयोग स्थापन झाला. अटकांचा धडाका इतका वाढला की ऑक्टोबर १९७७ मध्ये पोलिसांच्या जमावाने आयोगाच्या कचेरीत घुसून मारहाण केली. गव्हर्नरांनी मग १ जानेवारी १९७७ पूर्वीच्या, अजून चौकशीत न आलेल्या बहुतेक गुन्ह्यांवर पडदा टाकला. अनेकांना ही माघार वाटली, आणि न्यायाच्या दृष्टीने ती होतीही. पण तिचा परिणाम साखळीच्या मुळावर झाला. जुने गुपित आता कोणालाच बांधून ठेवू शकत नव्हते. पुढे पाकीट नाकारणाऱ्याला जुन्या पाकिटाची धमकी देता येत नव्हती. आयोग त्यानंतरही काम करत राहिला.

महाराष्ट्रातला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृह खात्याच्या अखत्यारीत आहे. त्यातले अधिकारी पोलीस दलातूनच काही वर्षांसाठी येतात आणि मुदत संपली की त्याच दलात परततात. ज्या ठाण्यात सापळा लावला, तिथल्याच कोणा वरिष्ठाच्या हाताखाली पुढे काम करण्याची पाळी त्यांच्यावर येऊ शकते.